मूठभर काकडी

बोटाच्या पेराएवढी काकडी चिरायची कशी, हा प्रश्न आमच्या स्वयंपाकघरात गेल्या वर्षी वैशाखात पहिल्यांदा उभा राहिला आणि सासूबाईंनी तो आयुष्यभराच्या सवयीने सोडवला. त्यांनी त्या फळाची दोन्ही टोके उडवली, कापलेली चकती उरलेल्या भागावर घासून कडूपणाचा फेस काढू पाहिला, आणि एवढे सगळे सोपस्कार झाल्यावर ताटलीत जे उरले ते वाटाण्याहून फार मोठे नव्हते. "एवढ्यात कोशिंबीर कोणाची करायची, मुंगीची?" असे विचारून त्यांनी विळी मिटली.

ज्या वेलीला ही फळे लागली होती तिला वनस्पतिशास्त्रात मेलोथ्रिया स्काब्रा म्हणतात आणि ती मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतली. फळ टपोऱ्या द्राक्षाएवढे, जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब, आणि त्याच्या फिक्या हिरव्या सालीवर गडद रेषांची अशी नक्षी, की भातुकलीतल्या बाहुलीसाठी कोणी कलिंगड घडवले असावे. मेक्सिकोत तिला 'सांदीता', म्हणजे चिमुकले कलिंगड, असे म्हणतात आणि उंदराचे कलिंगड असेही म्हणतात. पण कलिंगडाशी तिचे साम्य सालीपुरतेच आहे. चावल्यावर ती काकडीसारखी करकरीत लागते आणि मागाहून, जणू कोणी आधीच लिंबू पिळून ठेवले असावे तशी, आंबट होते.

मी या वेलीच्या नादी लागले ते कृष्णामाईमुळे. आमचे घर सांगलीच्या गावभागात आहे. आयर्विन पुलापाशी पाणी 45 फुटांवर गेले की धोक्याची पातळी, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाढ्यासारखे पाठ असते. 2019 च्या ऑगस्टमध्ये त्या पातळीच्याही कितीतरी वर चढलेले पाणी ओसरल्यावर परसात गेलो, तेव्हा अळू, कर्दळ आणि तोंडलीचा दहा वर्षांचा मांडव या सगळ्यांवर गाळाचा एकसारखा थर होता आणि त्यावर कोणाच्या तरी घरातला पाट पालथा पडलेला होता. तेव्हापासून आमची बाग गच्चीवर गेली. गच्चीवर ओझ्याचा विचार करावा लागतो, वाऱ्याचा करावा लागतो आणि पाण्याच्या बादल्या कोण चढवणार याचा तर सर्वांत आधी करावा लागतो. एक वर्ष पिशवीत दुधी लावून पाहिला, तर पहिल्याच वळवात मांडव आणि दुधी दोन्ही शेजाऱ्यांच्या पत्र्यावर गेले. म्हणून वेल हवी, पण हाताबाहेर न जाणारी हवी, अशा शोधात मी होते.

भाच्याने मागवून दिलेल्या पाकिटात दहा बिया निघाल्या. किंमत दीडशे रुपये, म्हणजे एका बीला पंधरा रुपये पडले, आणि हा हिशेब मी घरात कोणाला सांगितला नाही. पहिल्या पाच बिया मी उतावळेपणाने मार्गशीर्षात लावल्या. त्या काळात सांगलीच्या पहाटा चांगल्याच गार असतात आणि या बीला मातीची ऊब लागते, त्यामुळे त्या पाचही कुजल्या. उरलेल्या पाच माघ संपताना लावल्या. काकडीचे बी चार-पाच दिवसांत मान वर काढते. हिने अठरा दिवस घेतले, आणि रोज सकाळी त्या पिशवीकडे बघताना मला ते पंधरा रुपये आठवत. तीन बिया उगवल्या. उगवल्यावरही महिनाभर त्यांची वाढ अशी होती की वाटसरूने तण समजून उपटून टाकावे: शिवणाच्या दोऱ्याएवढे खोड आणि नखाएवढी पाने. पुढे एकदा ऊन तापले आणि काय झाले कोण जाणे, दोन आठवड्यांत वेल माझ्या उंचीच्या वर गेली. तिचे पान म्हणजे काकडीच्या पानाची लहान नक्कल. हात फिरवला तर किंचित खरखरीत लागते आणि 'स्काब्रा' या लॅटिन शब्दाचा अर्थही खरखरीत असाच आहे.

मांडवासाठी तार दिली ती शेजारच्या काकांनी. त्यांची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे आणि बागेतून उरलेली तार त्यांच्या जिन्याखाली नेहमी पडून असते. तार देणारा माणूस रोज सल्लाही देतो, हे मी आधी लक्षात घ्यायला हवे होते. पानांवर पांढरट भुकटी दिसू लागली तेव्हा त्यांनी लांबूनच "भुरी आली" असे निदान केले आणि गंधक मारायला सांगितले. द्राक्षाला ते चालत असेल, परंतु ऐन उन्हात काकडीच्या जातीच्या वेलींवर गंधक मारले तर पाने करपतात, एवढे मला ठाऊक होते. मी आंबट ताक पाण्यात कालवून फवारले आणि दाट झालेली पाने खुडून वारा खेळता केला. भुरी आटोक्यात राहिली. काकांना ताकाची गोष्ट मी अजून सांगितलेली नाही.

फुलांनी मात्र मला रडवले. दोडका, काकडी, भोपळा या मंडळींत साधारणपणे आधी नरफुले येतात आणि मग मादीफुले. माझ्या वेलीवर क्रम उलटा निघाला. आधी मादीफुले आली, मसुराएवढी पिवळी, आणि प्रत्येकाच्या पाठीशी रेषा उमटलेले इवलेसे फळ तयार. ते पाहून मी घरभर वर्दी दिली. चार दिवसांनी ती सगळी फळे पिवळी पडून गळाली, कारण पराग आणायला वेलीवर एकही नरफूल नव्हते. जवळजवळ दोन आठवडे हे असे चालले. मग पानांच्या बेचक्यांत नरफुलांचे झुबके धरले, त्यामागोमाग फुलोरी माश्या आल्या आणि गळ थांबली. काकांनी खिशातून द्राक्षाची मापपट्टी काढून एका फळाची जाडी मोजली आणि "अठरा मिलिमीटर, निर्यातीला चालेल" असा निकाल दिला.

खरी अडचण पुढे होती. आपल्याकडे भाजीचे माप ठरलेले असते: पाव किलो, अर्धा किलो, चार माणसांना पुरेल इतकी. ही वेल रोज मूठभर फळे देते, कधी अर्धी मूठ, आणि ती मूठ कोणत्याच पदार्थाच्या मापात बसत नाही. कोशिंबिरीला अपुरी, भाजीचा तर प्रश्नच नाही, कारण शिजवली की तिचा करकरीतपणा जातो आणि नुसता आंबट लगदा हाती येतो. साल काढायची गरज नाही, फेस काढायची गरज नाही, कारण ती कडू नसतेच. पण सासूबाईंच्या मते जिच्यावर काही संस्कारच करायचे नाहीत ती भाजी कसली. शेवटी तिची जागा सापडली ती भडंगात. संध्याकाळी लसणीच्या भडंगावर कांदा घालतो त्याच्यासोबत ही फळे नुसती उभी दुभागून टाकली, आणि तिखटाच्या मागोमाग तो थंड आंबटपणा आला तेव्हा घरातले सगळे क्षणभर गप्प झाले. लिंबू पिळल्यावर भडंग लवकर मऊ पडते. इथे आंबटपणा सालीच्या आत बंद असतो आणि दाताखाली येईपर्यंत बाहेर पडत नाही. उरलेली फळे मोहरीची पूड, हळद आणि मीठ लावून बरणीत भरली. ते लोणचे आठ दिवसांत संपले, हा त्याचा दोष म्हणावा की गुण, यावर आमच्यात एकमत नाही.

इतके दिवस खाली राहिलेल्या सासूबाई लोणचे संपल्यावर एकदा गुडघे सांभाळत गच्चीवर आल्या. त्यांनी एक पान दोन बोटांत धरून उलटसुलट चोळले, तणावा ओढून पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, ही तर चिराटी. आमच्या कुंपणावर असायची, शेरडं खायची. हिला तू पैसे दिलेस?"

त्यांचे माहेर विट्याच्या बाजूचे, त्या काळी कोरडवाहू मुलुख. तिथल्या कुंपणांवर पावसाळ्यात चढणारी चिराटी मी पुढे पाहिली. खरखरीत पान, बारीक पिवळे फूल, आणि हरभऱ्याहून थोडे मोठे गोल फळ, जे कोवळे असताना हिरव्यावर फिक्या रेषांचे असते आणि पिकल्यावर लालभडक होते. मी त्यांना ठामपणे सांगितले होते की ही मेक्सिकोची वेल आहे, तिचा आपल्याकडच्या कुंपणांशी काही संबंध नाही. मग पुस्तके उघडली आणि जरा गप्प बसावे लागले. लिनियसने 1753 मध्ये चिराटीला काकडीच्या प्रजातीत, कुकुमिसमध्ये घातले आणि मद्रासपट्टणावरून 'मदरासपटानस' असे नाव दिले. एकोणिसाव्या शतकात इतर शास्त्रज्ञांनी तिला तिथून हलवले, आणि त्या फेऱ्यांत काही काळ ती चक्क मेलोथ्रिया म्हणूनच ओळखली गेली. माझ्या मेक्सिकोच्या वेलीला फ्रान्सच्या नोदँ यांनी 1866 मध्ये ज्या घराण्यात घातले, तेच ते घराणे. अलीकडे जनुकांच्या अभ्यासावरून चिराटीला पुन्हा कुकुमिसमध्ये, म्हणजे काकडीच्या घरात, परत पाठवले आहे. म्हणजे आजच्या शास्त्राप्रमाणे सासूबाई चुकल्या होत्या, पण जी चूक त्यांनी दोन बोटांनी केली ती मोठमोठ्या पंडितांनी सुकवलेले नमुने समोर ठेवून केली होती. हे मी त्यांना समजावून सांगितले तेव्हा त्यांनी त्यातले पहिले अर्धे वाक्य सोडून दिले आणि उरलेले माझ्या नणंदेला फोनवर सांगितले.

मार्गशीर्षात वेल वाळली. पिशवी रिकामी करायला घेतली तर मातीत करंगळीएवढी पांढरट मुळे फुगलेली सापडली, लहान रताळ्यासारखी. थंडीच्या देशांत बर्फ पडण्याआधी ती खणून कोरड्या मातीत जपून ठेवतात. सांगलीत तेवढे करण्याची गरज नव्हती, म्हणून पुन्हा तिथेच पुरली आणि पाणी कमी केले. फाल्गुन लागताच तिथून कोंब आले, बियांच्या कितीतरी आधी आणि दोऱ्याहून जाड.

त्याच सुमारास सासूबाईंच्या भावाने येताना वर्तमानपत्राच्या पुडीत चिराटीचे बी आणले होते, तेही त्यांनी शेजारच्या पिशवीत टोचले. मी दोन्ही पिशव्यांवर नावाच्या पट्ट्या लावल्या. मृगाच्या पावसात शाई वाहून गेली, वेली एकमेकींत शिरल्या आणि एकाच तारेवर चढल्या. आता भडंगासाठी फळे काढायला जाते तेव्हा पानावरून हात फिरवून काही कळत नाही. गोल की लांबट ते पाहावे लागते, आणि कोवळ्या फळांत तेही ओळखू येत नाही, म्हणून शंका आली की ते फळ तसेच ठेवून लाल होते का याची मी वाट पाहते.