इनामगावचा अहवाल वाचताना: घरं आणि दफनांपर्यंतची नोंद

मंडळी, मागच्या नोंदीत मी प्रस्तावनेपाशी होते. आता घरांची आणि दफनांची प्रकरणं झाली, मडक्यांचं चालू आहे. नव्यानं आलेल्यांसाठी एवढंच सांगते: डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठच्या इनामगावला उत्खनन केलं. ढवळीकर, सांकलिया आणि अन्सारी यांचा अहवाल १९८८ साली निघाला. पुरातत्त्वाच्या एम.ए.ला अशा अहवालांशिवाय पान हलत नाही. मी त्या विषयाची नाही. नोकरी हिशेबाची आणि शाळा मराठी माध्यमाची. पण आपल्याच पुणे जिल्ह्यात साडेतीन हजार वर्षांपूर्वी माणसं सातू पिकवत होती, हे कुणाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा मूळ अहवालातून कळावं ही ओढ मोठी आहे. असं अवघड वाचन जमवणं हाच माझा छंद.

या टप्प्यात खरा फरक पडला तो पुस्तक मिटून लिहिण्यानं. माझी भाची यंदा पुण्यातच एम.ए. पहिल्या वर्षाला आहे. रविवारी सकाळी आम्ही दोघी एकत्र बसतो. एकदा ती वैतागून म्हणाली, "मावशी, मी तीनदा वाचलं गं, पण काय वाचलं ते सांगता येत नाही." मग चौथ्यांदा वाचायचं नाही असं ठरलं. एक पोटप्रकरण वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर मराठीत लिहायचं: लेखक काय म्हणाले, कशाच्या आधारावर म्हणाले. आठवेना तर जागा कोरी सोडायची. मग पुस्तक उघडून लाल पेनानं भर घालायची. पहिल्या कागदांवर लालच जास्त असतं, आणि आपलं घोडं नेमकं कुठे अडतंय ते त्या लाल ओळीच दाखवतात.

यामागे भक्कम संशोधनही आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटानं उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं मात्र त्यांच्या लक्षात सुमारे ४२ टक्के राहिलं होतं, आठवून लिहिणाऱ्यांच्या सुमारे ५६ टक्के. वाचल्या वाचल्या 'समजलं' असं वाटतं त्यावर किती भरवसा ठेवायचा, ते या आकड्यांवरून कळतं. भाचीनं पिवळा मार्कर बाजूला ठेवला तो तेव्हापासून.

दुसरी सवय दावा आणि पुरावा वेगळे करण्याची. कागदाला मधोमध उभी घडी घालते. डावीकडे जमिनीतून निघालेली वस्तू, उजवीकडे त्यावरून काढलेला निष्कर्ष. जोर्वे काळातलं (जोर्वे हे इथल्या प्राचीन शेतकरी संस्कृतीचं नाव) पाच खोल्यांचं घर घ्या. डावीकडे येतं: पाच खोल्या, इतर घरांपेक्षा मोठा आकार, शेजारी धान्याचं कोठार. उजवीकडे येतं: हे गावच्या प्रमुखाचं घर, म्हणजे समाजात उच्चनीच होतं. पहिल्या वाचनात हे दोन्ही एका दमात गिळलं जातं. घडी घातली की मधली फट दिसते आणि प्रश्न सुचतात. कोठार प्रमुखाच्या ताब्यात होतं, की सगळ्या गावाचं होतं? चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला माणूस सापडला, त्याचा या निष्कर्षाला किती आधार मिळतो? लेखकांना खोडून काढायला हे प्रश्न नाहीत. पुराव्यावरून निष्कर्षाची पायरी ते कुठे चढले ते कळावं, म्हणून आहेत.

इथे क्रियापदं फार मदत करतात. 'शोज' असेल तिथे मी पेन्सिलीनं सरळ रेघ मारते, 'सजेस्ट्स' किंवा 'मे हॅव' असेल तिथे नागमोडी. उत्तर जोर्वे, म्हणजे जोर्वेच्या शेवटच्या टप्प्याच्या पानांवर नागमोडी रेघा एकदम वाढतात. त्या काळात मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात, मडकी भरड होतात, शेती घटून शिकारीवरचा भर वाढतो. हे सगळं जमिनीतून निघालेलं. पाऊस कमी झाला, दुष्काळ पडत गेले आणि त्यातून हे घडलं, ही ढवळीकरांची मांडणी. मांडणी फार प्रभावी आहे, आणि म्हणूनच ती मांडणी आहे याचं भान ठेवून वाचायची.

सर्वांत जास्त वेळ गेला कार्बन तारखांच्या, म्हणजे जुन्या कोळशासारख्या वस्तूंत उरलेल्या कार्बन-१४ वरून काढलेल्या वयांच्या तक्त्यावर. असं कोष्टक आलं की बरेच जण पान उलटतात. कृपा करून उलटू नका. समजा, २८०० ± १०० बीपी असं लिहिलंय. बीपी म्हणजे 'बिफोर प्रेझेंट', आजपासून इतकी वर्षं मागे; त्यातला 'आज' म्हणजे १९५० साल, त्यामुळे मधला आकडा इसवी सनापूर्वी ८५० येतो. ± १०० म्हणजे मोजणीनुसार खरा आकडा ९५० ते ७५० च्या दरम्यान असण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के. बाहेर असण्याचीही शक्यता चांगली तिसरा हिस्सा उरते. शिवाय अर्धायुष्य (कार्बन-१४ निम्मा उरायला लागणारा काळ) ५५६८ वर्षं धरलंय की ५७३०, हे तळटीपेत बघायचं. हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण सगळ्या काळात सारखं नव्हतं, म्हणून झाडांच्या वार्षिक वलयांशी ताळा घेऊन तारीख सुधारून घ्यावी लागते. जुन्या अहवालातल्या आणि नव्या लेखातल्या तारखा शेजारी ठेवण्याआधी दोन्ही सुधारलेल्या आहेत का, हे विचारायचंच. नमुन्याच्या क्रमांकाआधीचं 'टीएफ' म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची प्रयोगशाळा, 'पीआरएल' म्हणजे अहमदाबादची. एवढं कळलं आणि तो तक्ता मला चक्क वाचता आला. त्या संध्याकाळचा आनंद अजून टिकून आहे.

इंग्रजी शब्दांबद्दल बरेच जण विचारतात. विषयाचे शब्द, म्हणजे थर, खापर, दफन वगैरे, चार पानांत ओळखीचे होतात. अडवतात ते सगळ्याच विषयांत येणारे मधले शब्द: अझ्यूम, डिराइव्ह, कन्सिस्टंट. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अशा ५७० शब्दकुटुंबांची यादी केली. विद्यापीठीय मजकुरातले सुमारे १० टक्के शब्द त्यातले असतात. मराठी माध्यमातून आलेल्यांनी कोश पाठ करण्याआधी ही यादी हाताशी घ्यावी, असं मी आग्रहानं सांगेन. वेगाचा विचार मी सोडून दिलाय. स्तरांच्या छेदाचं (मातीचे थर उभे कापून दाखवणारं) एक चित्र अर्धा तास खातं, आणि तो अर्धा तास त्याला दिलाच पाहिजे.

मडक्यांच्या प्रकरणात मात्र नुसत्या कागदानं भागेना. तांबड्या पृष्ठभागावर काळी नक्षी, खांद्याला धारदार कोन, बाजूला तोटी, असं वर्णन दहा वेळा वाचलं तरी डोळ्यांपुढे भांडं उभं राहत नव्हतं. मग येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात गेलो. काचेपलीकडच्या भांड्यांचा खांदा बघितला, वहीत बाजूनं रेघ काढली, आणि घरी येऊन अहवालातल्या रेखाटनाशी जुळवली. त्या रेखाटनात डावीकडे भांड्याचा छेद आणि उजवीकडे बाहेरचं रूप असतं, हे तेव्हा डोक्यात पक्कं बसलं. आता पानावरच्या रेषेवरून भांड्याची जाडी सांगता येते.

पुढचं काम ठरलंय. मडक्यांचं प्रकरण संपलं की धान्य आणि हाडांची प्रकरणं, कारण दुष्काळाच्या मांडणीचा निम्मा भार त्यांच्यावर आहे. त्यानंतर हवामानावरचे अलीकडचे लेख. ते उघडण्याआधी आम्ही दोघी घडीच्या कागदावर ढवळीकरांची बाजू न बघता पूर्ण लिहून काढणार आहोत. कुणाला सोबत वाचायचं असेल तर धान्याच्या प्रकरणापासून सुरुवात करा. ते मागचं न वाचताही कळतं.