पस्तीस किलोवॅटचा बॉयलर आणि पाच किलोवॅटचे घर

आमचे घर इंग्लंडमधल्या लीड्समध्ये आहे. १९३० च्या दशकात बांधलेले, एका बाजूची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक असलेले विटांचे दुमजली घर. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर तीन खोल्या आणि न्हाणीघर. त्यातला, घर आणि आंघोळीचे पाणी तापवणारा जुना गॅस बॉयलर बदलण्याची वेळ आली, तेव्हा तीन फिटर घर पाहून गेले. तिघांनीही रेडिएटर मोजले, न्हाणीघरे किती ते विचारले, जुन्या बॉयलरवरची पट्टी वाचली आणि पंधरा मिनिटांत आकडा सांगितला. दोघांनी ३० किलोवॅट सांगितले, तिसऱ्याने ३५. भिंती पोकळ आहेत का, असल्यास त्यांत उष्णता अडवणारी लोकर भरलेली आहे का, माळ्यावर लोकरीचा थर किती जाड आहे, यांपैकी एकही प्रश्न कोणी विचारला नाही. तिघेही आपापल्या कामात निष्णात होते आणि नळजोडणीत कोणी हयगय केली असती असे मला वाटत नाही. परंतु या धंद्यात मोठा बॉयलर बसवला म्हणून तक्रार येत नाही, लहान बसवला तर येते, आणि त्यामुळे मोजमाप न करता वरचा आकडा सांगण्याची सवय पडून गेली आहे. तो जादा आकडा घरमालक पुढची पंधरा वर्षे गॅसच्या बिलातून भरत राहतो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या बऱ्याच मराठी कुटुंबांना हा निर्णय कधी ना कधी घ्यावा लागतो, म्हणून आम्ही केलेला हिशेब सविस्तर लिहीत आहे.

आधी मोठ्या बॉयलरने बिघडते काय ते पाहू. ब्रिटनमधल्या बहुतेक घरांत बॉयलर पाणी तापवतो, ते पाणी पंपाने प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरमध्ये फिरते आणि उष्णता देऊन परत बॉयलरकडे येते. १ एप्रिल २००५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये नवा गॅस बॉयलर, काही अपवाद वगळता, कंडेन्सिंग प्रकारचाच बसवावा लागतो. एक घनमीटर नैसर्गिक वायू जळला की सुमारे दीड लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. जुन्या बॉयलरमध्ये ही वाफ धुराबरोबर बाहेर निघून जात असे. कंडेन्सिंग बॉयलरमध्ये ती परतीच्या गार पाण्यावर थंड होऊन तिचे पुन्हा पाणी होते आणि वाफेत अडकलेली, गॅसच्या एकूण उष्णतेच्या दहाव्या हिश्श्याइतकी उष्णता आपल्याला परत मिळते. मात्र त्यासाठी परतीचे पाणी सुमारे ५५ अंश सेल्सियसच्या खाली असावे लागते, आणि ते जितके गार तितकी वाफ अधिक सांडपाण्याच्या नळीत उतरते. रेडिएटरकडे जाणारे पाणी ७५–८० अंशांवर ठेवले तर परतीचे पाणी ६० च्या आसपास येते, वाफ जवळजवळ उतरतच नाही, आणि ९२ टक्के कार्यक्षमता छापलेला बॉयलर प्रत्यक्षात ८५ च्या घरात चालतो.

दुसरे नुकसान चालू-बंदचे. प्रत्येक बॉयलरला एक किमान ज्योत असते, तिच्याखाली तो जळूच शकत नाही. घराला दोन किलोवॅट हवे असताना बॉयलरची किमान ज्योतच सात किलोवॅटची असेल तर पाणी झपाट्याने तापते, बॉयलर विझतो, काही मिनिटांनी पुन्हा पेटतो. आमचा जुना बॉयलर २४ किलोवॅटचा होता आणि त्याला मोठी-लहान ज्योत असा प्रकारच नव्हता. ऑक्टोबरमधल्या एका संध्याकाळी घड्याळ लावून बसलो, तेव्हा तो साडेतीन मिनिटे जळे आणि सात-आठ मिनिटे बंद राही. प्रत्येक वेळी पेटण्याआधी पंखा आतली गरम हवा बाहेर फेकत असे, तो आवाज स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू येई.

तेव्हा प्रश्न असा की घराला खरोखर किती उष्णता लागते? घरातून बाहेर जितकी जाते तितकी, आणि ती मोजता येते. मी टेप घेऊन एक शनिवार त्यात घालवला. बाहेरच्या भिंतींचे क्षेत्रफळ खिडक्या-दारे वगळून ८२ चौरस मीटर भरले. पोकळ भिंतीत लोकर भरलेली असल्याने दर चौरस मीटरला, आत-बाहेरच्या दर अंश फरकाला, ०.५५ वॅट बाहेर जातात असे धरले. म्हणजे ४५ वॅट प्रति अंश. खिडक्या-दारे १८ चौरस मीटर, जुन्या दुहेरी काचेच्या, २.८ च्या दराने ५०. माळ्यावर २०० मिलिमीटर लोकर आहे, तिथून फक्त ९. लाकडी फळ्यांच्या जमिनीतून ३२. उरली हवा: घराचे आकारमान सुमारे २२७ घनमीटर, तासाला एकदा सगळी हवा बदलते असे मानले तर हवेच्या दर घनमीटरला ०.३३ वॅट या दराने ७५. बेरीज झाली २११ वॅट प्रति अंश. बाहेर उणे ३ आणि आत २० म्हणजे २३ अंशांचा फरक. २११ गुणिले २३, म्हणजे पाच किलोवॅटला थोडे कमी. लीड्समध्ये याहून गार रात्री क्वचित येतात. भिंतीतली लोकर नसती तर हाच आकडा सुमारे पावणेसात झाला असता, तरीसुद्धा ३५ च्या जवळपास कुठेही पोचला नसता.

कागदावरच्या हिशेबावर घरच्यांचा विश्वास बसावा, यासाठी मीटरची साक्ष काढली. दिवसभर बाहेर सरासरी १ अंश असलेल्या जानेवारीतल्या एका दिवशी हीटिंग २० अंशांवर अखंड चालू ठेवले आणि सकाळी सात ते दुसऱ्या सकाळी सात अशी गॅस मीटरची नोंद घेतली. आमचा मीटर पायऱ्यांखालच्या कपाटात आहे, छत्र्या आणि बूट बाजूला सारून टॉर्च धरावा लागतो. चोवीस तासांत १०.४ घनमीटर गॅस जळला होता. एका घनमीटरला साधारण ११.२ युनिट (म्हणजे किलोवॅट-तास) धरले तर ११६ युनिट होतात. जुन्या बॉयलरची कार्यक्षमता ७८ टक्के मानली तर त्यातली ९१ युनिट उष्णता पाण्यात आली, आंघोळी आणि भांड्यांचे ७ युनिट वजा जाता ८४ उरली, म्हणजे तासाला साडेतीन. माणसांची, चुलीची, फ्रिज-टीव्हीची उष्णता अर्धा किलोवॅट धरून चार किलोवॅट झाले. वरच्या सूत्राने १९ अंश फरकाला चारच येतात. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आल्यावर शंकेला जागा उरली नाही. ज्यांना टेपचा हिशेब किचकट वाटतो त्यांनी निदान मीटरचा प्रयोग तरी जुना बॉयलर काढण्यापूर्वी जरूर करावा; त्याला एका पेन्सिलीखेरीज काही लागत नाही.

मग बाजारात ३०–३५ किलोवॅटचे बॉयलर का विकले जातात? त्याचे कारण आंघोळीचे पाणी. कॉम्बी बॉयलरला टाकी नसते. नळ उघडला की वाहते पाणी तो जागच्या जागी तापवतो. आपल्याकडचा बंब किंवा १५ लिटरचा गीझर पाणी साठवून हळूहळू तापवतो, म्हणून गीझरला दोन किलोवॅट पुरतात. हिवाळ्यात इथे नळाचे पाणी ६–७ अंशांवर येते, आणि मिनिटाला १० लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला साधारण २४ किलोवॅट लागतात. म्हणजे बॉयलरवरचा मोठा आकडा हा न्हाणीघराचा आकडा आहे, घर उबदार ठेवण्याचा नव्हे. आमच्याकडे न्हाणीघर एकच. सातारहून आई-बाबा येतात तेव्हा ते बादलीनेच आंघोळ करतात, आणि २० लिटरची बादली दोन मिनिटांत भरली तर कोणाची काही तक्रार असण्याचे कारण नाही. म्हणून २४ किलोवॅटचा, परंतु हीटिंगसाठी ३ किलोवॅटपर्यंत खाली येणारा कॉम्बी निवडला आणि हीटिंगची कमाल मर्यादा फिटरकडून ८ किलोवॅटवर बांधून घेतली. ही मर्यादा बहुतेक बॉयलरमध्ये असते, पण ती आपण मागितल्याशिवाय सहसा कोणी लावत नाही. दोन न्हाणीघरे एकाच वेळी वापरणाऱ्या कुटुंबाने त्यापेक्षा १२–१५ किलोवॅटचा साधा बॉयलर आणि गरम पाण्याची टाकी घ्यावी, असे माझे मत आहे. मात्र टाकीतले पाणी लेजिओनेला जंतूंमुळे ६० अंशांवर तापवावेच लागते, तिथे बचतीचा विचार करू नये.

बॉयलर निवडून झाला तरी निम्मेच काम होते, कारण पाणी कमी तापमानावर फिरवायचे तर रेडिएटर पुरेसे मोठे हवेत. रेडिएटरवर छापलेली क्षमता पाण्याचे सरासरी तापमान खोलीपेक्षा ५० अंशांनी जास्त असतानाची असते. हा फरक २५ वर आला की उष्णता निम्म्याच्याही खाली, सुमारे ४० टक्क्यांवर येते. आमच्या नऊ रेडिएटरांची छापील बेरीज साडेअकरा किलोवॅट होती, म्हणजे पाच किलोवॅटसाठी पाण्याचे सरासरी तापमान ४७ अंश पुरेसे होते: जाताना ५२, येताना ४२ च्या आसपास. इंग्लंडच्या बांधकाम नियमांनीही जून २०२२ पासून संपूर्ण नव्या किंवा संपूर्ण बदललेल्या हीटिंगसाठी, शक्य असेल तिथे, ५५ अंशांची कमाल मर्यादा घातली आहे. आमच्या आकडेमोडीत फक्त समोरची बैठकीची खोली तोकडी पडली. तिथे एका पत्र्याचा जुना रेडिएटर होता. त्याच लांबी-उंचीचा दोन पत्र्यांचा, मध्ये पन्हळी पट्ट्या असलेला रेडिएटर बसवला आणि भिंतीवरची तितकीच जागा व्यापून तो पावणेदोनपट उष्णता देऊ लागला.

त्यानंतर समतोल साधण्याचे काम, जे फिटर अनेकदा वेळेअभावी टाळतात. प्रत्येक रेडिएटरच्या एका टोकाला हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह असतो आणि दुसऱ्या टोकाला प्लास्टिकच्या टोपीखाली लॉकशील्ड नावाचा दुसरा व्हॉल्व्ह. सगळे लॉकशील्ड सताड उघडे असले तर पाणी सोपी वाट धरते, बॉयलरजवळचे रेडिएटर भरपूर पाणी घेतात आणि लांबच्या खोल्या गार राहतात. मग माणूस वैतागून बॉयलरचे तापमान वाढवतो. मी नळीला चिकटणारे दोन थर्मामीटर आणि एक छोटा पान्हा घेऊन खोलीमागून खोली फिरलो. स्वयंपाकघरातल्या रेडिएटरचा लॉकशील्ड पाव फेऱ्याइतकाच उघडा ठेवावा लागला, तर वरच्या कोपऱ्यातल्या खोलीचा पूर्ण उघडला. पान्हा केसभर फिरवायचा, वीस मिनिटे थांबायचे, दोन्ही नळ्यांतला फरक वाचायचा. दोन संध्याकाळी गेल्या. सर्व रेडिएटरांवर हा फरक १० ते १२ अंशांवर आला, आणि घरात सहा वर्षे गारठलेली ती कोपऱ्यातली खोली पहिल्यांदा इतरांइतकी उबदार झाली. गॅसच्या जोडणीला मात्र मी हात लावला नाही. ते काम ‘गॅस सेफ’ या ब्रिटनमधल्या अधिकृत यादीत नोंद असलेल्या माणसाचेच आहे.

उत्तरेच्या भिंतीवर, ऊन लागणार नाही अशा जागी, बाहेरच्या तापमानाचा एक छोटा संवेदक लावून घेतला. त्यानुसार बॉयलर पाणी किती तापवायचे ते ठरवतो. बाहेर उणे ३ असताना पाणी ५२ अंशांवर जाते, ४ अंश असताना ४४, आणि १० अंश असताना केवळ ३७. बाहेर १० अंश असताना घराला दोनच किलोवॅट लागतात आणि बॉयलर तीनच्या खाली येत नाही, त्यामुळे तेव्हा तो अजूनही अधूनमधून विझतो. पण आता एकदा पेटला की वीस-पंचवीस मिनिटे सलग जळतो.

कंडेन्सिंग खरेच होते का, हे पाहण्यासाठी स्वयंपाकघरातल्या सिंकखाली उतरणाऱ्या बॉयलरच्या पाण्याच्या नळीचे टोक, फिटरला विचारून, एका दिवसापुरते प्लास्टिकच्या बादलीत सोडले. बाहेर ४ अंश होते. पाणी मुद्दाम ७० अंशांवर ठेवले, तेव्हा चोवीस तासांत बादलीत सव्वा लिटर जमले. तशाच गार दुसऱ्या दिवशी ४४ अंशांवर सहा लिटर जमले. हे सगळे पाणी पूर्वी वाफ होऊन शेजाऱ्यांच्या कुंपणावर पांढऱ्या ढगासारखे तरंगत असे. त्याच ढगाचे सहा लिटर बादलीत पाहणे मला कोणत्याही आलेखापेक्षा जास्त पटले.

आई डिसेंबरात आली तेव्हा तिने पहिल्याच दिवशी रेडिएटरवर हात ठेवला आणि म्हणाली, ‘अरे, हे तर कोमटच आहे, बंद पडलंय का?’ मी तिला भिंतीवरचा २० चा आकडा दाखवला. रेडिएटर हाताला चटका देणारा असावा, ही समजूत इथल्या लोकांचीही आहे. सकाळी-संध्याकाळी दोन-दोन तास घर तडाख्याने तापवण्याऐवजी दिवसभर मंद आच ठेवण्याची सवय लागायला आम्हालाही एक महिना गेला. आई मात्र चौथ्या दिवसापासून शाल काढून बसू लागली.

पहिल्या वर्षात १३,४०० युनिट गॅस लागला. जुन्या बॉयलरला, त्याच्या शेवटच्या वर्षाचा वापर आणि थंडीचा फरक हिशेबात धरून, १५,९०० लागला असता. आता माझे लक्ष त्या ७५ वॅटवर आहे, जे हवेवाटे जातात, कारण २११ मधला सर्वांत मोठा आकडा तोच आहे. पश्चिमेचा वारा सुटला की बैठकीच्या खोलीत फळ्यांच्या फटींतून पायांना झुळूक लागते आणि ती खोली एका अंशाने मागे पडते. उन्हाळ्यात गालिचा उचलून फटी बुजवायच्या आहेत, जमिनीखाली हवा खेळण्यासाठी बाहेरच्या भिंतीत असलेल्या जाळ्या मात्र उघड्याच ठेवायच्या, नाहीतर तुळया कुजतील. हवा तासाला एक ऐवजी ०.७ वेळा बदलू लागली तर गार रात्रीचा अर्धा किलोवॅट कमी होईल, आणि ५२ अंशांची ती मर्यादा दोन अंशांनी खाली आणता येईल.