काशिदला सूर्यास्ताचं शूट: आधी पैशांचं मिटवा, मग कॅमेरा काढा

रायगड जिल्ह्यातल्या काशिदच्या किनाऱ्यावर मॉडेलचे फोटो काढायला संध्याकाळी कामाचा उजेड वीस मिनिटं मिळतो. फार तर पंचवीस धरा. युरोपातल्या फोटोग्राफरांचे व्हिडिओ बघून तासाभराचं नियोजन करून याल तर कपड्यांचा तिसरा सेट बॅगेतच राहील. आपल्याकडे सूर्य तिरपा रेंगाळत नाही, जवळजवळ सरळ खाली उतरतो. क्षितिजाच्या सहा अंश वरून पाण्याला टेकायला त्याला अर्धा तासही लागत नाही. त्यात पावसाळा सोडला तर क्षितिजालगत बहुतेक वेळा धुरकट पट्टा असतो. शेवटची पाच-सात मिनिटं नुसता लाल गोळा, दिसायला झकास, पण चेहऱ्यावर उजेड जवळपास शून्य. सकाळचा विचारही सोडा. समुद्र पश्चिमेला, मागे सुरूची झाडं आणि डोंगर. ऊन वाळूवर पोचेपर्यंत कडक झालेलं असतं.

तर या वीस मिनिटांतली निम्मी आमची एका माणसाशी हुज्जत घालण्यात गेली. दुपारी चारपासून आम्ही समोरच होतो. उजेड परतवणारा रिफ्लेक्टर उघडला, मेकअप झाला, चाचणीचे फोटो काढले, कुणी फिरकलं नाही. मॉडेल पाण्याच्या कडेला उभी राहिली, ऊन सोनेरी व्हायला लागलं आणि स्कूटरवरून एक गृहस्थ हजर. "साहेब, शूटिंग आहे ना? पाच हजार होतील." कुणाचे, कशाचे? "गावाचे." पावती? "ऑफिस उघडल्यावर मिळेल." शेवटी दीड हजारावर तुटलं, पावती आजतागायत नाही. रकमेपेक्षा वेळ साधल्याचा राग आहे. सूर्यास्त किती वाजता आहे हे या मंडळींना आपल्या अॅपपेक्षा पक्कं पाठ असतं, आणि सव्वासहाला आपण घासाघीस करणार नाही हेही.

म्हणून सांगतो: व्यावसायिक काम असेल तर आदल्या दिवशी किंवा निदान सकाळी ग्रामपंचायतीत जा, काय परवानगी आणि काय शुल्क ते विचारा, पैसे भरा, शिक्क्याची पावती घ्या आणि तिचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ठेवा. किनाऱ्यावर उभं राहून रोख एक रुपया देऊ नका. तरी कुणी आलंच, तर बोलायला टीममधला एक माणूस आधीच नेमून ठेवा. तो फोटोग्राफर नको आणि मेकअपवालीही नको. आमच्याकडे तो जास्तीचा माणूस नव्हता, गाडीत जागा होती तरी.

तारीख ठरवताना कॅलेंडरमध्ये रविवार नाही, तिथी बघा. कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे ऐन सूर्यास्ताच्या तोंडावर भरती आणि उभं राहायला वाळूची चिंचोळी पट्टी. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी अकरा-बाराला, म्हणजे सहाच्या सुमारास ओहोटी. पाणी मागे हटतं, ओली वाळू आरशासारखी पसरते, वाळूत फिरवतात त्या एटीव्ही गाड्यांच्या चाकांचे सकाळचे व्रण पुसलेले असतात. पौर्णिमेच्या आगेमागे दोन दिवस चालतील. रोज ओहोटी साधारण पाऊण तास पुढे सरकते, तेवढं ध्यानात ठेवा. फेब्रुवारीत सूर्यास्त साडेसहाच्या आसपास, मेमध्ये सातनंतर. शनिवार-रविवारी जाणार असाल तर नका जाऊ. प्रत्येक फ्रेममध्ये मागे घोडागाडी नाहीतर बनाना बोट येते.

वाळूचं काशिदला मानलं पाहिजे. ती फिकट आहे, खालून चेहऱ्यावर उजेड फेकते, हनुवटीखालची सावली आपोआप भरते. अलिबागची काळपट वाळू हे करत नाही. तिथे रिफ्लेक्टर धरणारा लागतोच.

वाऱ्याबद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी वारा समुद्राकडून येतो. सूर्य पाठीशी घेतला की वाराही पाठीमागून, आणि मोकळे केस सगळे तोंडावर. पाठमोऱ्या उजेडासाठी अंबाडा किंवा वेणी, मोकळ्या केसांचे फोटो सूर्याकडे तोंड करून, बस्स. सॉफ्टबॉक्स आणि छत्री, म्हणजे फ्लॅशचा उजेड मऊ करायची साधनं, या वाऱ्यात घरीच ठेवा. साधा फ्लॅश, त्यावर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक कागद) आणि तो धरायला माणूस. स्टँड लावायचाच तर त्याला वाळूची पिशवी बांधा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची रंगछटेची सेटिंग, ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा सोनेरी रंग इमानेइतबारे पुसून टाकेल. ५६०० केल्व्हिनवर लॉक करा. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका. ८५ एमएमची लेन्स लावून उतरा आणि तिच्यावरच काम संपवा.

सूर्य बुडाल्यावर सगळे सामान आवरायला लागतात. तसं करू नका. पुढची दहा मिनिटं पश्चिमेचं आकाश गुलाबी होतं, मॉडेलचं तोंड समुद्राकडे करा, फ्लॅश बंद. त्वचेवर एक डाग दिसत नाही. आमचे वापरण्याजोगे फोटो बहुतेक सगळे याच वेळातले आहेत, आणि हो, तेव्हा पैसे मागायला कुणी येत नाही. फक्त गाऊन घालून गुडघ्याच्या पुढे पाण्यात जाऊ देऊ नका. काशिदला माणसं बुडाल्याच्या बातम्या येत असतात, आणि भिजलेलं घेरदार कापड लाटेबरोबर पाय ओढतं.

कपडे बदलायला टपरीमागे आडोसा मिळेल यावर विसंबू नका. जवळच्या घरगुती राहण्याच्या ठिकाणी दुपारपासून एक खोली घ्या. मुक्कामच करा. त्याच रात्री मुंबई गाठायची म्हणजे अंधारात कोर्लई गावातला अरुंद रस्ता, समोरून मुरूडची एसटी आणि मांडव्याहून मुंबईला गाड्या नेणाऱ्या शेवटच्या रो-रो बोटीची धाकधूक. तो हिशोब जमत नाही.

दुसऱ्या दिवशी रेवदंड्याला किल्ल्याच्या तटाजवळ थोडं काम केलं. छान झालं, सांगण्यासारखं काही नाही. रात्री झोपायच्या आधी ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवा आणि कॅमेरा ओलसर फडक्याने पुसा. आम्ही दमून तसेच झोपलो, त्या ट्रायपॉडचा एक सांधा अजून करकरतो.