लढलेल्या पेशींचं काय होतं

"मॅडम, म्हणजे जंतूंशी ज्या पेशी लढल्या त्यांनाच शरीर नंतर मारून टाकतं? का पण?" बारावीच्या बॅचमधली एक मुलगी आज एकदम बोलली, आणि तिचा चेहरा खरंच पडला होता.

तिचं ते "का पण" दिवसभर डोक्यातून जाईना.

इन्फेक्शन झालं की टी पेशी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) भराभर वाढतात, एकीच्या हजारो होतात, आणि आजार आटोक्यात आला की त्यातल्या ९०-९५ टक्के मरतात, उरतात त्या मेमरी पेशी, तो जंतू लक्षात ठेवणाऱ्या. पण ज्या टी पेशींना आपल्याच शरीरातलं काहीतरी पुन्हा पुन्हा चिथावत राहतं त्यांना संपवायची वेगळी सोय आहे. त्यांच्या अंगावर फॅस नावाचा रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा संदेश घेणारं प्रथिन असतं, त्याला फॅस लिगँड हे त्याच्या जोडीचं प्रथिन चिकटलं की आत कॅस्पेज नावाची प्रथिनं कापणारी एन्झाइम्स एकामागून एक सुरू होतात आणि पेशी स्वतःचेच नीट तुकडे करून घेते, आजूबाजूला सूज नाही काही नाही, मॅक्रोफेज या सफाई करणाऱ्या पेशी येऊन ते गिळून टाकतात. ते लिगँड कधी शेजारची टी पेशी देते, कधी ती स्वतःच! मी दरवेळी थक्क होते.

आणि हेच बिघडलं तर? फॅसच्या जीनमध्ये दोष असलेली मुलं १९९५ मध्ये ओळखली गेली, आजाराचं नाव एएलपीएस (ऑटोइम्यून लिम्फोप्रोलिफरेटिव्ह सिंड्रोम). लहानपणापासून मानेत गाठी, प्लीहा वाढलेली, आणि शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशी नि प्लेटलेट्स मारत सुटतं.

उद्या तिला या मुलांबद्दल सांगणारे. तुमच्यातलं कोणी बायो शिकवत असेल तर सांगा, पेशींचं हे मरणं तुम्ही मुलांना कसं समजावता?