पाकिटातली बुरशी जिवंत असते

मागच्या उन्हाळ्यात वांग्याची रोपं टाकली आणि आठ-दहा दिवसात वाफ्यात रोपं कोलमडायला लागली, जमिनीलगत देठ सडायचा आणि रोप आडवं. ट्रायकोडर्मा, म्हणजे अशी मर रोखायला टाकतात ती जैविक पावडर, तर टाकला होता, मग सगळ्यांना सांगत सुटलो की जैविक बिविक काय चालत नाही. नंतर डोक्यात उजेड पडला. ते पाकीट महिनाभर पत्र्याच्या शेडमधे पडलं होतं, आपल्या सोलापुरात मे मधे पारा ४२-४३ ला सहज जातो, पत्र्याखाली काय होत असेल बघा. वर त्याच आठवड्यात कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक पाण्यात कालवून रोपांच्या मुळाशी पण ओतलं मी, म्हणजे जी काय चार जिवंत राहिली असतील ती पण मारली. ट्रायकोडर्मा ही स्वतःच बुरशी आहे हो, ती रोगाच्या बुरशीला विळखा घालून खाते, तिला बुरशीनाशक कसं चालेल?

यंदा मागवून सावलीत थंड जागी ठेवलं. अडीच किलो ट्रायकोडर्मा, शंभर किलो चांगलं कुजलेलं शेणखत, लिंबाखाली ढीग, वर ओलं गोणपाट, रोज संध्याकाळी पाण्याचा हबका. पाचव्या दिवशी आईनं गोणपाट उचललं तर खतावर पांढरी जाळी धरलेली, पुढं ती हिरवट झाली, आणि हात घातला तर पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास. आई म्हणाली, "खताला बुरशी लागली की रे." म्हटलं हीच पाहिजे होती.

आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी जास्त, टाकलेला स्फुरद (फॉस्फरस) चुन्याबरोबर धरला जातो, पिकाला मिळत नाही, म्हणून त्याच ढिगात पीएसबी, म्हणजे धरलेला स्फुरद मोकळा करणारे जिवाणू, पण मिसळला. पांढऱ्या माशीला वर्टिसिलियम लेकॅनी, ही किडीवर वाढणारी बुरशी, लिटरला ५ ग्रॅम फवारायची, पण ऊन कलल्यावरच, आणि हवेत ओल लागते, कोरड्या उन्हाळ्यात त्याचा भरवसा धरू नका. माशी लगेच मरत नाही, बीजाणू अंगावर रुजून आत शिरायला दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी माशी जिवंत दिसली म्हणून घाईघाईत रासायनिक मारणारे माझे पाहुणे पण आहेत, त्यांना किती सांगितलं तरी पटत नाही, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

दुकानात पाकीट घेताना तारीख बघा, आणि ते उन्हातल्या फळीवर ठेवलेलं असेल तर घेऊच नका.

मृगाचा पाऊस झालाय, वाफसा आला की खत सरीत टाकणार आणि मग रोपं लावणार.