आमची वाटचाल : मंडपातून दुरुस्तीच्या टेबलापर्यंत

अमळनेरला स्टँडजवळच्या छोट्या गाळ्यात आम्ही दोघा भावांनी लग्नाच्या शूटिंगचं दुकान टाकलं, तेव्हा कॅमेरा खांद्यावर घ्यावा लागायचा आणि त्यात अख्खी व्हीएचएस कॅसेट बसायची. धुळ्याच्या एका फोटोग्राफरकडून पॅनासॉनिकचा एम ९००० जुनाच घेतला. आईने पाटल्या मोडून पैसे दिले होते. तो कॅमेरा बंद पडला की घरातलं माणूस आजारी पडल्यासारखं वाटायचं. दुरुस्तीला मुंबईला पाठवायचा आणि महिना महिना वाट पाहायची. तोवर लग्नसराई संपलेली असायची.

दुरुस्तीकडे वळलो ते एका नुकसानीमुळे. मिनीडीव्ही ही छोटी डिजिटल कॅसेट १९९५ साली बाजारात आली, आमच्या हातात पडायला आणखी काही वर्षं गेली. तसला कॅमेरा घेऊन आम्ही शहाद्याकडच्या एका लग्नाला गेलो होतो. कडाक्याची थंडी होती आणि बॅग रात्रभर उघड्या जीपमध्येच राहिली. पहाटे हळदीच्या घरात शिरलो, तर चुलीवर पाण्याचे हंडे उकळत होते, खोली वाफेने भरलेली. कॅमेरा चालू केला आणि पडद्यावर थेंबाची खूण आली. कॅसेट बाहेर काढण्यापलीकडे एकही बटण चालेना. भावाने घाईघाईत स्क्रू काढले आणि आतली फ्लेक्स पट्टी, म्हणजे वायरींची पातळ पट्टी, फाटली. हळदीचं एक मिनिटही निघालं नाही. नवरीच्या वडिलांनी ठरलेले पैसे दिले आणि ते काहीच बोलले नाहीत. ते गप्प राहणं आम्हाला फार लागलं.

पुढे कळलं की कॅमेरा बिघडलाच नव्हता. टेप ज्याच्याभोवती सरकते त्या आतल्या फिरत्या ड्रमवर, तो थंड असल्यामुळे, वाफेचं दव धरलं होतं. मिनीडीव्हीचा ड्रम मिनिटाला ९,००० फेरे घेतो. ओल्या ड्रमला टेप चिकटली तर तिच्या चिंध्या होतील, म्हणून कॅमेरा आपणहून थांबतो. कॅसेट काढून, झाकण उघडं ठेवून तासभर थांबलो असतो तर काम झालं असतं. बॅग बंद ठेवूनच आधी घरात आणायची आणि तासाभराने उघडायची, हे आता आम्ही प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी सांगतो.

त्यानंतर भाऊ मुंबईला एका कारागिराकडे काही महिने राहून काम शिकून आला. चित्राचे चौकोनी तुकडे पडायला लागले म्हणजे बहुतेक वेळा हेड, म्हणजे ड्रमवरचं टेप वाचणारं बारीक टोक, घाण झालेलं असतं. क्लीनिंग कॅसेट दहा सेकंदांच्या वर चालवायची नाही, कारण ती हेड घासते. हाताने पुसायचं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ चामडं घ्यायचं, ड्रम फिरतो त्याच दिशेने, आडवं. उभं पुसलं की हेडचा टवका उडतो. कापूस तर नकोच, त्याचे तंतू अडकतात. आमच्या भागात जिनिंगच्या मोसमात हवेतच रुई उडत असते, म्हणून हे जास्त जपावं लागतं.

“भाऊ, कॅमेरा बिघडी गया!” म्हणत आलेल्या माणसाला आम्ही आधी पाणी देतो. मग विचारतो, नीट कधी चालत होता आणि त्यानंतर काय बदललं? पुष्कळ वेळा इथेच उत्तर मिळतं. अमेरिकेहून कुणाच्या भावाने आणलेला कॅमेरा मंडपात काळे पट्टे दाखवतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुने दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि कॅमेरा मात्र ६० च्या हिशोबावर. आपल्याकडची पाल ही व्हिडिओ पद्धत निवडून शटरचा वेग १/५० सेकंद केला की पट्टे जातात. बँडवाल्यांच्या मिक्सरमधून घेतलेला आवाज फाटला, तर कॅमेऱ्याचं इनपुट माइकच्या बारीक आवाजासाठी लावलेलं राहिलेलं असतं, ते मिक्सरच्या मोठ्या आवाजासाठी लाइनवर घ्यायचं. “अर्धं लग्न गायब झालं” असं सांगत आलेल्या एकाचं काहीच गेलं नव्हतं. कार्ड एफएटी ३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेलं, त्यात ४ जीबीच्या वर एक फाइल होत नाही, म्हणून कॅमेऱ्याने तुकडे केले होते.

खरा घोर लागतो तो लाल दिवा चालू असताना कार्ड ओढल्याचा. त्यात चित्र असतं, पण फाइल नीट बंद झालेली नसते. अशा वेळी त्या कार्डावर एक सेकंदही पुन्हा शूट करू नका, संगणकाने विचारलं तरी फॉरमॅट करू नका, तसंच घेऊन या. घाबरून काहीतरी करून बघितलेल्या कार्डांपुढे आम्ही हरलो आहोत, आणि समोरच्या आईबापांना ते सांगणं फार जड जातं.

मे महिन्याचं वेगळंच. पुस्तिकेत बहुतेक कॅमेऱ्यांची मर्यादा ४० अंश लिहिलेली असते आणि आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. कॅमेरा तापून बंद पडला तर तो स्वतःला वाचवतो आहे असं समजा. पांढरा ओला पंचा कॅमेऱ्यावर धरलेल्या छत्रीवर टाका, थेट कॅमेऱ्यावर नाही.

आता दुकानात पुतण्याही बसतो. मागच्या आठवड्यात पारोळ्याच्या एक ताई जुनी व्हीएचएस घेऊन आल्या, त्यांच्या आईच्या लग्नाची, आमच्याच एम ९००० वर काढलेली. टेपच्या कडेला पांढरी बुरशी. तशीच मशीनमध्ये घातली असती तर हेडलाही लागली असती. पुतण्या ती हाताने उलगडत, पुसत बसला आहे. वीस मिनिटं निघाली आहेत. वरात अजून यायची आहे.