हँडल हलतं की सीट?

ऑक्टोबर अर्धा सरला होता. भातकापणी सुरू, त्यामुळे गॅरेजात गिऱ्हाईक कमी आणि आमचा पोरगाही अर्धा दिवस मळ्यात. कणकवलीत उड्डाणपूल झाल्यापासून मुंबई-गोव्याच्या गाड्या आमच्या डोक्यावरूनच निघून जातात. खाली उतरतो तो एक तर भुकेने, नाहीतर नाइलाजाने. त्या सकाळी नवाच्या सुमारास जे जोडपं उतरलं ते नाइलाजाने उतरलेलं होतं, हे त्या माणसाच्या बोटांवरूनच कळलं. हँडल इतकं घट्ट धरून आला होता की हातमोजे काढल्यावर बोटं सरळ होईनात.

गाडी चारशे सीसीच्या आसपासची, लांबच्या प्रवासाची. दोन्ही बाजूंना बॉक्स, मागे रॅकवर मोठी डिकी. ठाण्याहून चार दिवसांपूर्वी निघालेले, मालवणला राहून आता परत चाललेले. तक्रार एकच: हायवेला लागलं की गाडी डुलायला लागते.

"मेस्त्री, तीन महिने हेच चाललंय," तो म्हणाला. "पुढचा टायर नवीन घातला, कोनसेट बदलला, फोर्कचं ऑइल बदललं. साडेनऊ हजार गेले. येताना 90 ला डुलायची, आता 75 लाच डुलते."

कोनसेट म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगं. बदललेलं सगळं पुढचं, हे मी मनात नोंदवलं. मग माझा नेहमीचा प्रश्न विचारला, "साहेब, आधी हँडल हलतं की सीट?"

तो गोंधळला. बहुतेक जण गोंधळतात. हातात हँडल असतं, त्यामुळे जे काही होतं ते हँडललाच होतं असं वाटतं. पण आजार दोन वेगळे आहेत. एक थरथर. ती पुढून येते. हँडल सेकंदाला सात-आठ वेळा डावी-उजवी मारतं, बहुतेकदा मधल्या वेगात, थ्रॉटल सोडून गाडी हळू होत असताना, आणि हात ढिले असतील तर जास्तच. तिथे पुढच्या टायरची झीज, बॅलन्सिंग, ढिला कोनसेट हे बघायचं. दुसरं डुलणं. त्यात अख्खी गाडी हेलकावे घेते, सेकंदाला दोन-तीन, बांगडा शेपटी मारत जातो तशी. वेगाबरोबर ते वाढत जातं. त्याचं मूळ बरेचदा मागे असतं: वजन, हवा, मागचं चाक, चिमटा (मागचं चाक चासीला धरून ठेवणारा दुबेळका दांडा, स्विंगआर्म). हँडल त्यातही हलतं, पण ते मागच्याचं ऐकून हलत असतं.

तो उत्तर शोधत असतानाच बाकड्यावर बसलेल्या वहिनी बोलल्या, "आधी मला कळतं. ह्यांना नंतर. मागून कोणीतरी डिकी धरून हलवतंय असं वाटतं."

"तिला भीती वाटते म्हणून," साहेब म्हणाले.

वहिनींनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. मला विचाराल तर त्या क्षणी निम्मं निदान झालं होतं आणि मी ते पुरतं ऐकलं नाही. मागे बसणारा माणूस मागच्या चाकाच्या जवळजवळ डोक्यावर बसतो. त्याच्याइतका चांगला मीटर दुसरा नाही, आणि इतक्या वर्षांत मी गाडीवाल्याला शंभर प्रश्न विचारले असतील, मागच्याला दोन.

डिकी उघडली. कोकम आगळाच्या पाच बाटल्या, चार किलो काजू, उकडे तांदूळ, मसाला, आणि तळाला पान्यांची जड पिशवी. शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवलं तर 19 किलो भरलं. रॅकवरच्या स्टिकरवर मर्यादा लिहिलेली, 6 किलो. बैलगाडीत मागे जास्त भरलं की जू वर उचललं जातं, तिला आपण उलार म्हणतो. मोटरसायकलही उलार होते, फक्त जू वर गेलेलं दिसत नाही. मागच्या एक्सलच्याही मागे आणि इतक्या उंचावर 19 किलो, म्हणजे पुढच्या चाकावरचा भार हलका आणि शेपटीला लोलक बांधलेला.

मागच्या चाकातली हवा बघितली. दोघं आणि सामान असेल तर 32 भरा असं चेनगार्डवर लिहिलेलं. काट्याने 24 दाखवली. टायर गार होऊ दिला, मगच बघितली बरं का. तासभर पळून आलेल्या टायरवर बघितली असती तर काट्याने खोटा धीर दिला असता.

इंजिनाखाली जॅक देऊन पुढचं चाक उचललं आणि हँडल मध्यावर धरून सोडलं. ते आपल्या वजनाने एका बाजूला पडायला हवं. हे मध्यावरच उभं. नवीन कोनसेट बसवणाऱ्याने तो इतका आवळला होता की हँडलला स्वतःहून सरळ व्हायची सोयच उरली नव्हती. गाडी सरळ चालते ती चालवणाऱ्यामुळे कमी आणि पुढच्या चाकाच्या या सुटेपणामुळे जास्त. ते चाक सतत बारीक बारीक सावरत असतं, त्याला सावरू द्यायला हवं. तीन महिन्यांपूर्वी आजार नव्हता तिथेही उपचाराने एक तयार केला होता.

कोनसेट सैल करून नीट बसवला, हवा 32 केली, पाने आणि तांदूळ बाजूच्या बॉक्समध्ये तळाला टाकले, बाटल्या काढून ठेवल्या. "झालं साहेब," असं मी म्हटलं. हे शब्द मी परत घेऊ शकत असतो तर घेतले असते.

ट्रायलला मी एकटा निघालो, ओसरगावच्या बाजूला. काँक्रीटचा सरळ रस्ता, वारा नाही. चौपदरीवर दुचाकीला 80 ची मर्यादा आहे, ती मला ठाऊक आहे. 80 ला गाडी ठीक. उतारावर काटा जरा पुढे सरकला, एका पुलाच्या जोडावरून चाक गेलं, आणि सीटखाली कुठेतरी टक् झालं. मग गाडी डुलायला लागली. एक हेलकावा, दुसरा, तिसरा त्याहून मोठा. अशा वेळी हात आपोआप हँडल आवळतात आणि पाय ब्रेकवर जातो, आणि दोन्ही चुकीचं. गुडघे टाकीला दाबले, अंग पुढे टाकलं, हात ढिले ठेवले, थ्रॉटल हळूहळू सोडला. चार-पाच सेकंदांत थांबली. कडेला गाडी लावून मी चांगली दोन मिनिटं शेतातल्या बगळ्यांकडे बघत उभा होतो. सामान कमी, माणूस एक, हवा बरोबर, आणि तरी ही डुलते. म्हणजे मी आतापर्यंत जे केलं त्याने आजार फक्त पुढच्या वेगावर ढकलला होता.

परत आलो तर साहेब माझ्या तोंडाकडे बघत होते. म्हटलं, "झालेलं नाही. दुपारपर्यंत बसावं लागेल."

चाकं एका रेषेत आहेत का, ते बघायला मी दोरी लावतो. दोरी म्हणजे आमच्याकडे तंगूस, मासे गरवायचा नायलॉनचा धागा. ताणला की सुतासारखा सरळ राहतो. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी तो पुढच्या चाकापर्यंत ओढायचा आणि पुढे दोन्हीकडची फट मोजायची. डावीकडे तीन मिलिमीटर जास्त आली. ठीक, मागचं चाक किंचित वाकडं बसलंय असं धरून चेनचा अॅडजस्टर सैल करायला गेलो. तेवढ्यात मळ्यातून आलेल्या पोराने गाडी सरकवायला म्हणून मागचं चाक ढकललं. पुन्हा मोजलं तर उजवीकडे दोन जास्त.

"धागो सैल असतलो," पोरगा म्हणाला.

मलाही तेच वाटलं. धागा पुन्हा ताणला, मोजलं, चाक हलवलं, मोजलं. आकडा प्रत्येक वेळी वेगळा. अर्धा तास मी त्या बिचाऱ्या तंगुसाला शिव्या दिल्या. मग डोक्यात उजेड पडला की धागा जागेवर आहे. चाकालाच जागा नाही.

मेन स्टँडवर गाडी, मागचं चाक अधांतरी. मी ते दोन्ही हातांनी धरून आडवं ओढायचं, ढकलायचं, आणि पोराने एकेका जोडाला बोट लावून बसायचं. आधी एक्सलच्या बेअरिंगला.

"हय नाय."

मग पुढे, चिमटा जिथे चासीला बोल्टाने टांगलेला असतो तिथे, डाव्या बाजूला.

"हय हलता, मेस्त्रीनू! बोट लावून बघा."

मी बोट लावलं. चिमटा आणि चासीच्या फटीत बोटाचं टोक चावलं जात होतं, टक्, टक्. मी रस्त्यावर ऐकलेला आवाज हाच. वहिनी बाकड्यावरून उठून आल्या. "हाच," त्या म्हणाल्या, "खड्ड्यातून गेलं की हाच येतो. हे म्हणायचे डिकीचं कुलूप वाजतंय."

बोल्टापाशी एक मिलिमीटर ढिलाई म्हणजे चाकापाशी त्याच्या दुप्पट-तिप्पट. मागचं चाक स्वतःच्या मर्जीने डावी-उजवी वळत होतं, जणू गाडीला मागेही एक हँडल आहे आणि ते कोणाच्याच हातात नाही. त्यावर उलार वजन, त्यावर कमी हवा, आणि पुढे ज्याला सावरायचं त्याचे हात बांधलेले. एकेकटं असतं तर कदाचित इतकं जाणवलंही नसतं.

"साहेब, गाडी कधी समुद्रावर नेली होती?"

गेल्या मार्चमध्ये दापोलीकडे. पुळणीवरून, लाटांच्या कडेने, दोन दिवस. फोटोही दाखवले, छान होते. त्यानंतर मशीनच्या फवाऱ्याने दोनदा गाडी धुतली. तो फवारा मीठ बाहेर काढत नाही. सीलच्या आत पाणी घुसवतो आणि असलेलं ग्रीस घेऊन बाहेर येतो. पुढे अख्खा पावसाळा होताच.

बोल्ट काढायला अडीच तास लागले, आणि त्यांबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण त्यातली बरीचशी भाषा लिहिण्याजोगी नव्हती. नट सुटला पण बोल्ट आतल्या स्लीव्हला, म्हणजे त्याच्यावरच्या नळीला, गंजून एकजीव झालेला. टाकी उतरवून लांब नेऊन ठेवली, रस्ट स्प्रे मारून वाट बघितली, बाहेरून शेक दिला, पितळेची पट्टी मध्ये धरून घणाचे घाव. पितळ, कारण लोखंडावर लोखंड मारलं की बोल्टाचं टोक फुलतं आणि मग तो दुसऱ्या बाजूने बाहेर येतच नाही. चार वाजता तो एकदाचा निसटला. डाव्या नीडल बेअरिंगमधून (त्यात गोळ्यांऐवजी सुयांसारखे बारीक रोलर असतात) तांबडा चिखल आला आणि त्यात सुयांचे तुकडे. उजवीकडचं अजून गोल होतं, इतकंच.

आता सुटे भाग. कंपनीचा सेट मागवायचा तर चार-पाच दिवस. पण बेअरिंगला गाडीचं नाव कळत नाही, माप कळतं. व्हर्निअर लावलं: आत 22, बाहेर 28, रुंदी 20. हे माप बाजारात मिळतं. कोल्हापूरच्या दुकानाला फोन केला, त्यांनी दोन बेअरिंगं आणि सील फोंडा घाटातून येणाऱ्या एसटीने पाठवली.

राहिली आतली स्लीव्ह. तिच्यावर एका बाजूला सुयांचे चर पडले होते. लेथवाले काका म्हणाले, नवी काढून देतो. मी नको म्हटलं. साध्या लोखंडाची स्लीव्ह टणक केलेली नसते, सुया ती महिनाभरात खातील आणि दिसायला मात्र नवीकोरी असेल. त्यापेक्षा जुनीच अर्धी फिरवून घातली. चिमट्यावरचा भार स्लीव्हच्या एकाच अंगावर येतो, दुसरं अंग जवळपास कोरं असतं. ठाण्यापर्यंत ते पुरेसं होतं. "घरी पोचल्यावर कंपनीची मागवा आणि बदला," हे बिलावर मोठ्या अक्षरात लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

एसटी आठला आली. रात्री साडेदहाला नट टॉर्क पान्याने आवळला. चिमटा वरखाली हाताने सहज फिरत होता, आडवा केसभर नाही. तंगूस पुन्हा लावला. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा एकच आकडा. एकाच आकड्याचा इतका आनंद मला दहावीलाही झाला नव्हता.

जोडपं रात्री लॉजवर राहिलं. सकाळी ट्रायलला मी निघालो तर वहिनी म्हणाल्या, तुम्ही एकटे जाऊन काय कळणार? बरोबरच होतं. गाडी साहेबांनी घेतली, वहिनी मागे, सामान होतं तसं, फक्त डिकीत रेनकोट आणि मसाला. मी माझ्या गाडीवर त्यांच्या मागे, नजर त्यांच्या मागच्या चाकावर. 80 ला डिकीची वरची कड क्षितिजाला लावलेल्या फळीसारखी. काल मी जिथे डुललो होतो त्या पुलाच्या जोडावरून गाडी गेली, मागचं चाक एकदा खाली-वर झालं आणि पुन्हा रेषेत आलं. वहिनींनी मान न वळवता डावा हात बाजूला काढून तळवा आडवा धरला, पाणी शांत आहे असं दाखवावं तसा.

आगळाच्या बाटल्या डिकीत परत घालायला मी साफ नकार दिला. चार एसटीच्या पार्सलने ठाण्याला गेल्या. पाचवी वहिनींनी इथेच ठेवली. ती फळीवर ग्रीसच्या डब्याशेजारी आहे आणि पोरगा रोज विचारतो की सोलकढी कधी.